धुराचे नियम आणि संशोधनाचा पैसा

विजेचे बिल हाती आले की आपण आकडा पाहतो, कपाळाला आठ्या घालतो आणि ते भरून मोकळे होतो. त्या आकड्यात कोळशाची किंमत असते, तारांची व खांबांची किंमत असते, कर्जाचे व्याजही असते. परंतु त्यात दडलेला आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ही वीज, हे डिझेल, हे पेट्रोल तयार करणाऱ्या कंपन्या उद्याची ऊर्जा अधिक स्वच्छ व अधिक स्वस्त व्हावी म्हणून संशोधनावर काय खर्च करतात? आणि जो काही खर्च करतात तो आपण होऊन करतात, की सरकारने पर्यावरणाचा एखादा नियम केला म्हणजे करतात?

हा प्रश्न केवळ अर्थशास्त्रज्ञांनी चर्चासत्रांत सोडवावा असा नव्हे. आम्ही बिदर शहराला लागून असलेल्या मैलूरला राहतो. येथून दक्षिणेस रायचूरजवळ शक्तिनगरचे १,७२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. पश्चिमेस सोलापूरजवळ एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे केंद्र आहे. मांजरा आणि कारंजा यांच्या काठी ऊस आहे, उसामागून साखर कारखाने आले आणि कारखान्यांमागून आसवन्या आल्या. म्हणजे कोळशाचा धूर आणि मळीचे पाणी ही दोन्ही आमच्या शेजारची आहेत. शिवाय सीमाभागातील मराठी शाळांतून बाहेर पडलेली मुले अभियांत्रिकी शिकून पुण्याची किंवा हैदराबादची वाट धरतात. त्यांपैकी किती जणांना नवे काही शोधण्याचे काम मिळेल आणि किती जण परदेशांतून आणलेल्या यंत्रांची देखभाल करण्यातच आयुष्य घालवतील, हेही या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. बडोद्यापासून बंगळूरपर्यंत पसरलेल्या आमच्या वाचकांच्या घरीही थोड्याफार फरकाने हीच परिस्थिती असेल.

दोन मते

या विषयावर जुने मत असे की, नियम म्हणजे खर्च. कंपनीच्या तिजोरीतला एक रुपया धुराडे स्वच्छ करण्याकडे गेला, तर तो प्रयोगशाळेकडे जाऊ शकत नाही. नियम वाढले की संशोधन आटते, माल महाग होतो आणि शेवटी कामगाराच्या पोटावर पाय येतो. कारखानदारांच्या संघटना सरकारदरबारी जी निवेदने देतात, त्यांत हे मत आजही वाचावयास मिळते.

याच्या नेमके उलट मत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९९१ साली मांडले आणि १९९५ साली क्लास फान डर लिंडे यांच्या साहाय्याने विस्ताराने लिहिले. त्यांचे म्हणणे असे : धूर काय किंवा सांडपाणी काय, हा वाया गेलेला मालच होय. कंपनीला आपली ही उधळपट्टी सवयीने दिसेनाशी झालेली असते. नीट विचारपूर्वक केलेला नियम तिचे डोळे उघडतो, ती शोध घेऊ लागते आणि कित्येकदा त्या शोधातून नियमाचा खर्च भरून निघतो. याच्याही बऱ्याच आधी, १९३२ साली, जॉन हिक्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने असे लिहून ठेवले होते की, जी वस्तू महाग होते ती वाचविण्याकडे शोधकांची बुद्धी वळते. हवेत धूर सोडणे जोपर्यंत फुकट आहे, तोपर्यंत तो कमी करण्यावर डोके कोण खपवील?

दोन्ही मते तर्काला पटतात. अशा वेळी अनुभव काय सांगतो ते पाहावे. अ‍ॅडम जॅफी आणि कॅरेन पामर या दोघांनी अमेरिकेतील उद्योगांचे आकडे तपासून १९९७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो दोन्ही पक्षांना थोडा थोडा अडचणीचा आहे. प्रदूषण रोखण्याचा खर्च वाढल्यानंतर त्या उद्योगांचा संशोधनावरील खर्चही वाढलेला त्यांना आढळला. परंतु त्यामुळे पेटंटांची संख्या वाढल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. पैसा सुटला, पण त्या पैशाचे फळ मोजमापात आले नाही. याचा अर्थ असा की, नियम हवा की नको एवढाच वाद घालून भागत नाही. नियम कोणत्या प्रकारचा, हे पाहावे लागते.

ते डेव्हिड पॉप यांच्या २००३ सालच्या अभ्यासाने चांगले दाखवून दिले. कोळशात गंधक असते. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायॉक्साइड होतो आणि तो वायू श्वसनाला, पिकांना व इमारतींना बाधतो. अमेरिकेत १९७७ च्या कायदेदुरुस्तीने नव्या वीज केंद्रांना धूर धुणारे संयंत्र बसविणे जवळजवळ सक्तीचेच केले. पुढे १९९० साली कायदा पालटला. यंत्र कोणते बसवा हे सरकारने सांगणे सोडून दिले; देशात एकंदर गंधक किती सोडावयाचे याची मर्यादा घालून दिली आणि ज्याने आपल्या वाट्यापेक्षा कमी सोडले त्याला उरलेला वाटा विकण्याची मुभा दिली. पॉप यांना असे आढळले की, १९९० पूर्वीच्या शोधांनी ही संयंत्रे चालविण्याचा खर्च कमी केला, पण ती पूर्वीपेक्षा अधिक गंधक काढू लागली नाहीत. कारण स्पष्ट आहे. यंत्र बसविले की नियम पुरा होत होता. ते अधिक चांगले करून कोणाचा काय लाभ? १९९० नंतर मात्र काढलेल्या प्रत्येक टनाला मोल आले, आणि शोधांचा रोख गंधक अधिक काढण्याकडे वळला. शिक्षकी पेशातील आमच्यासारख्यांना हे लवकर उमजते. वही पूर्ण आहे की नाही एवढेच तपासले, तर मुले वही पूर्ण करतात. गणित आले की नाही हे तपासले, तर गणित शिकतात.

एका महिन्याच्या अंतराने जन्मलेले दोन नियम

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे योगायोगाने एक असा दाखला घडला आहे की, तो कोणी मुद्दाम मांडलेला प्रयोगच वाटावा. एका महिन्याच्या अंतराने दोन नियम जन्मास आले. एक कोळशावरील वीज केंद्रांसाठी, दुसरा वाहनांच्या इंधनासाठी.

पहिला नियम ७ डिसेंबर २०१५ चा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातील धूलिकण, सल्फर डायॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांवर मर्यादा घातल्या; त्यांच्या पाण्याच्या वापरालाही माप लावले. जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत होती. डिसेंबर २०१७ उजाडला तेव्हा गंधक काढणारी संयंत्रे, ज्यांना एफजीडी या अक्षरांनी ओळखतात, बहुतेक ठिकाणी उभीच नव्हती. मुदत २०२२ पर्यंत वाढली. मार्च २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट पाडण्यात आले व मुदत गटागटाने २०२४ अखेरपर्यंत गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा वाढली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणखी तीन वर्षे मिळाली. आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मोठ्या शहरांपासून व प्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या, म्हणजे देशातील सुमारे ७८ टक्के संचांना गंधकाच्या या अटीतून मोकळीकच देण्यात आली. पाचशेहून अधिक संचांपैकी तोवर फारच थोड्यांनी संयंत्रे बसविली होती.

दुसरा नियम जानेवारी २०१६ चा. भारत स्टेज चारनंतरची पाचवी पायरी गाळून थेट सहावीवर जावयाचे, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर तेच इंधन व तशीच नवी वाहने विकावयाची, असे सरकारने ठरविले. इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणावयाचे होते. मुदत चार वर्षांची. अडचणी येथेही होत्या. वाहन उत्पादकांनी शिल्लक मालाचे कारण पुढे केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२० नंतर जुन्या श्रेणीची वाहने विकता येणार नाहीत, असा निर्णय दिला. दिल्लीत तर नवे इंधन दोन वर्षे आधीच, १ एप्रिल २०१८ रोजी आले. ठरलेला दिवस करोनाच्या टाळेबंदीत उजाडला, तरीही पंपांवर नवे इंधन पोहोचले.

संशोधनाच्या पैशाचे काय झाले ते यावरून ताडता येते. इंधनाच्या बाबतीत तेलशुद्धीकरण कंपन्यांनी गंधक काढणाऱ्या नव्या प्रक्रियांवर हजारो कोटी रुपये घातले. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने, जे १९७२ पासून चालू आहे, पेट्रोलमधील गंधक काढण्याची स्वतःची पद्धत विकसित केली. वाहन कंपन्यांनी इंजिनाची रचना, धुराच्या नळीतील उत्प्रेरके, इंधन फवारण्याची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था यांवर अभियंत्यांचे ताफे बसविले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चाचणीशाळांना काम पुरले.

कोळशाच्या बाबतीत आरंभ वाईट नव्हता. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के. परदेशी उत्प्रेरके एवढ्या राखेत टिकतील की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून एनटीपीसीने आपल्या काही केंद्रांत नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर प्रायोगिक संयंत्रे लावून चाचण्या केल्या. हे खरे संशोधन होते आणि ते नियमामुळे घडले. पुढे ती मर्यादाच काही केंद्रांसाठी ३०० वरून ४५० मिलिग्रॅमवर सैल करण्यात आली. ज्या कंपनीच्या संचालकांना नियमाची तारीख पुढे जाणार असे वाटते, ते प्रयोगशाळेसाठी पैसा कशाला मंजूर करतील? त्यापेक्षा मुदतवाढीच्या अर्जावर वकिलाला दिलेला पैसा त्यांना अधिक फलदायी वाटला तर नवल नाही. आणि ज्यांनी आधी धावपळ करून संयंत्र उभारले, त्यांची स्थिती वेळेवर फी भरणाऱ्या पालकासारखी झाली. शेवटच्या दिवशी सर्वांना माफी मिळाली.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २०२५ च्या सवलतीमागे काही शास्त्रीय युक्तिवाद होता. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडे; एफजीडीला लागणारा चुनखडीचा दगड खणावा व वाहून न्यावा लागतो; यंत्र स्वतः वीज खाते. नागपूरच्या नीरी या संस्थेसह काही संस्थांच्या अभ्यासांचा आधार त्यासाठी घेण्यात आला. दुसऱ्या पक्षाचे तज्ज्ञ म्हणतात की, हा वायू हवेत दूरवर जातो व त्याचे सूक्ष्म कण बनतात, म्हणून केवळ केंद्राभोवतीचे मोजमाप पुरेसे नाही. या वादाचा निवाडा आम्ही करणार नाही. परंतु जो अभ्यास २०१५ पूर्वी व्हावयास हवा होता तो नियम केल्यावर, मुदती उलटून गेल्यावर झाला, ही तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत झाली. त्या दहा वर्षांत ना धुराचा निकाल लागला, ना संशोधनाचा.

दुसराही एक फरक आहे. इंधनाच्या नियमात तेल कंपनी आणि वाहन कंपनी परस्परांवर पहारा ठेवीत होत्या. इंजिन तयार आणि इंधन नाही, किंवा इंधन तयार आणि इंजिन नाही, असे झाले तर दोघांचेही नुकसान. विजेत असा पहारेकरी नाही. शिवाय वीज केंद्राने नियमापोटी बसविलेल्या यंत्राचा खर्च वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने दरात, म्हणजे तुमच्या-आमच्या बिलात, वसूल होऊ शकतो. यंत्र विकत घेण्याला हा जो आधार मिळतो, तो अनिश्चित फळाच्या प्रयोगांना सहजी मिळत नाही. मग यंत्र विकत घेणे सोपे आणि शोध लावणे अवघड, असेच होणार.

डहाणूचा धडा

नियम कडक असला आणि पाळलाही गेला, तरी त्यातून संशोधन होतेच असे नाही. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला डहाणू तालुका जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तेथेच मुंबईच्या विजेसाठी ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले. स्थानिक लोकांनी न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी एक पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधक काढणारे संयंत्र बसविण्याचा आदेश दिला. कंपनीने बराच काळ टाळाटाळ केली. अखेर प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी घ्यावयास लावली. २००७ मध्ये संयंत्र चालू झाले. देशातील वीज केंद्रे एफजीडीचे नाव काढीत नव्हती, त्या काळात डहाणूचा धूर धुतला जात होता.

न्यायमूर्तींच्या चिकाटीला आम्ही मनापासून नमस्कार करतो. परंतु आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर तेथे एका केंद्रासाठी एक यंत्र आले. समुद्राच्या खारट पाण्यात निसर्गतःच जो क्षारगुण असतो, त्याने धुरातील गंधक धुऊन काढावयाचे, ही पद्धत परदेशांत सिद्ध झालेली होती आणि मुंबईत तुर्भ्याच्या टाटांच्या केंद्रातही त्यापूर्वीच आली होती. एकाच केंद्राला लागू असलेल्या आदेशासाठी कोणतीही कंपनी प्रयोगशाळा उघडणार नाही; ती बाजारात जाऊन तयार वस्तू आणील. नियमाची व्याप्ती मोठी असेल, उद्या दहा ठिकाणी तीच गरज पडणार असेल, तरच शोधात घातलेला पैसा परत मिळण्याची आशा असते.

आमच्या भागाला समुद्र नाही. रायचूर वा सोलापूरच्या धुरातून गंधक काढावयाचे तर चुनखडी लागेल, आणि त्यातून जिप्सम निपजेल. चुनखडी तर आमच्या कलबुर्गी जिल्ह्याचे वैभव आहे. शहाबादची फरशी ज्या थरांतून निघते त्याच पट्ट्यात वाडी, शहाबाद, सेडमचे सिमेंट कारखाने उभे राहिले. सिमेंटला थोडे जिप्सम लागतेच. म्हणजे दगड येथला, धूर येथला, आणि निपजणाऱ्या पदार्थाचे गिऱ्हाईकही येथलेच. हे तिन्ही जुळवून स्वस्त पद्धत बसविणे हे खरे संशोधनाचे काम होते. ते अशक्य ठरले की फायद्याचे, हे कळण्यासाठीसुद्धा कोणीतरी दहा वर्षे स्थिर चित्ताने त्याचा पाठपुरावा करावयास हवा होता.

पुण्याची इंजिने, आमचा ऊस

यावरून आपल्याकडे सारे निराशाजनकच आहे असे कोणी समजू नये. वीज गेली की दुकानांतून आणि दवाखान्यांतून जे डिझेल जनरेटर धडधडू लागतात, त्यांच्या धुराचे नियम २००० नंतरच्या काही वर्षांत आले, २०१४ च्या जुलैत कडक झाले आणि १ जुलै २०२३ पासून त्यांची सर्वांत कडक पायरी लागू झाली. जुना साठा संपविण्यास सवलत मिळाली, तरी नियम उभा राहिला. या धंद्यातील मोठ्या कंपन्या पुण्याच्या : १९४६ साली स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ पासूनची कमिन्स. इंधनाच्या फवाऱ्यापासून धुराच्या शुद्धीकरणापर्यंत त्यांना इंजिन नव्याने जुळवावे लागले. येथे नियमाने मर्यादा सांगितली, ती गाठण्याचा मार्ग कंपनीवर सोपविला, आणि पुढील पायरी येणार हे सर्वांना आधीपासून ठाऊक होते. अशा नियमाच्या सावलीत प्रयोगशाळा वाढतात. जनरेटर महाग झाले हेही खरे, आणि लहान दुकानदाराला तो भार जाणवतो हेही खरे. पण त्या रकमेतील काही भाग पुण्याच्या अभियंत्यांच्या पगारात व कौशल्यात गेला.

उसाची गोष्ट आम्हांस अधिक जवळची. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना जुन्या पद्धतीच्या आसवनीतून दहा ते पंधरा लिटर तपकिरी, दुर्गंधी पाणी बाहेर पडते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. पाण्यातील प्राणवायू शोषून घेण्याची त्याची शक्ती लिटरमागे ४० ते ५० हजार मिलिग्रॅम, तर नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. एवढे अंतर कोणत्याही साध्या उपायाने कापता येत नाही. ज्या गावाच्या ओढ्यात हे पाणी एकदा शिरले, तेथील लोकांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही.

२००३ साली केंद्र सरकारने प्रदूषणकारी उद्योगांशी मिळून जी सनद केली, तीत आसवन्यांनी बाहेर काहीच सोडावयाचे नाही असे ध्येय ठरले. येथेही मुदती रेंगाळल्या, पण दिशा कधी उलटली नाही. परिणामी एकामागून एक शोध लागत गेले व रुळत गेले. या पाण्यापासून बायोगॅस निघू लागला. प्रेसमडमध्ये ते मुरवून खत होऊ लागले. नंतर ते आटवून घट्ट करून बॉयलरमध्ये जाळू लागले, त्यावर वाफ व वीज मिळू लागली. आणि जी राख उरते तिच्यातील पालाश खत म्हणून विकले जाऊ लागले. पालाशासाठी आपला देश परदेशांवर अवलंबून आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या राखेचे मोल कळते. पोर्टर म्हणतात तो वाया गेलेला माल तो हाच.

येथे एक शंका येईल. भालकी-हल्लीखेडसारख्या ठिकाणचा सहकारी कारखाना प्रयोगशाळा कोठून उभारणार? त्याचे उत्तर मराठी मुलखाने फार पूर्वी दिले आहे. १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट सुरू झाली; पुढे तिलाच वसंतदादांचे नाव मिळाले. सभासद कारखाने गाळलेल्या उसाच्या प्रमाणात वर्गणी देतात आणि संशोधन सर्वांच्या मालकीचे होते. एकट्याला न पेलणारे ओझे सर्वांनी मिळून उचलावयाचे, ही गोष्ट नियम करणाऱ्यांनीही शिकण्यासारखी आहे. दुसरीकडे खाजगी कंपन्याही पुढे आल्या. प्रमोद चौधरी यांनी पुण्यात स्थापन केलेल्या प्राज कंपनीने मुळशी तालुक्यात संशोधन केंद्र उभारले. धानाच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचे तिचे तंत्र इंडियन ऑइलच्या पानिपत येथील प्रकल्पात वापरले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या या प्रकल्पाची योजना वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याची आहे. शेतात पेंढा जाळण्यावर बंदी आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची सक्ती, अशा दोन नियमांच्या मध्ये हा शोध उगवला.

परंतु धरसोड येथेही डोकावते. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने एकाएकी निर्बंध घातले आणि पुढील हंगामासाठी ते उठविले. साखरेच्या भावाची काळजी सरकारने करावी हे योग्यच. पण ज्यांनी कर्ज काढून यंत्रे बसविली होती, त्यांचा एक हंगाम हिशेब चुकला. अशा अनुभवानंतर संचालक मंडळ पुढच्या प्रयोगाला पैसा देताना दहा वेळा विचार करते.

आपण काय पाहावे

या सर्वांतून आम्हांस एकच गोष्ट ठळकपणे दिसते. संशोधनावर आज केलेला खर्च पाच-सात वर्षांनी फळतो. म्हणून तो करणाऱ्याला पाच-सात वर्षांनंतरचा नियम कसा असेल याचा भरवसा लागतो. नियम कडक की सौम्य, यापेक्षा तो टिकणार की नाही, याकडे कंपनीचे लक्ष अधिक असते. ज्या नियमाची तारीख ढळत नाही, जो यंत्राचे नाव न घेता फळ मागतो आणि जो सर्वांना सारखा लागू होतो, तो संशोधनाला पैसा मिळवून देतो. ज्याच्या तारखा कॅलेंडरच्या पानांसारख्या उलटत राहतात, तो हवा तर स्वच्छ करीत नाहीच, वर प्रामाणिक माणसाला शिक्षा करतो.

हे आपल्या देशाला विशेष लागू आहे. २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्केच. पूर्वी मान्यताप्राप्त संशोधनावर एक रुपया खर्च केला तर आयकरात दोन रुपयांची वजावट मिळत असे. २०१७ पासून ती दीड रुपया आणि २०२० पासून एक रुपया झाली. सवलतीचा हात असा आखडल्यावर नियमांचा भरवसा हाच मोठा आधार उरतो. तोही डळमळला, तर आपल्या मुलांनी शिकलेले रसायनशास्त्र दुसऱ्याच्या देशात उपयोगी पडेल.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी वीज, तेल, इंजिन बनविणाऱ्या कंपन्यांचे थोडेफार शेअर घेतलेले असतील. कायद्याने प्रत्येक कंपनीला संचालकांच्या अहवालात ऊर्जेची बचत, तंत्रज्ञानाचा स्वीकार आणि संशोधनावरील खर्च यांची माहिती द्यावी लागते. आपण लाभांशाचा आकडा वाचून अहवाल बाजूला ठेवतो. यापुढे ते परिशिष्टही उघडावे. मागील पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावे, आणि त्या काळात कोणता नियम आला, कोणता पुढे ढकलला गेला, तेही त्याखाली लिहावे. घरात अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर हे काम तिच्याकडे सोपवावे. आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा जो हक्क एका शेअरच्या मालकालाही आहे, तो वापरून अध्यक्षांना एवढेच विचारावे की, नियमाची शेवटची तारीख येण्यापूर्वी प्रयोगशाळेत तुम्ही काय केले?